आळेबाईच्या पाच बियाण्यांची कहाणी

ऐका आळेबाई, तुमची कहाणी. बायांनो, निवडणं खाली ठेवा, अक्षता हातात घ्या, नि मधे बोलू नका. ही कहाणी गोड नाही. आधीच सांगून ठेवते.

आटपाट नगर तुम्हांला ठाऊकच आहे. त्या नगरात एक गरीब कासार होता. बांगड्यांचं ओझं पाठीवर घेई, गावोगाव फिरे. त्याची बायको येसू. घर एका खणाचं, पण मागं परस होतं. परसात पाच आळी होती. रोपाच्या बुंध्याभोवती मातीचं गोल कडं करतात ना, तेच आळं. मधल्या आळ्यात एक शेंदूर लावलेला गोटा होता. ती आळेबाई.

येसू सासरी आली तेव्हा तिच्या आईनं ओटीत पाच बियाणी घातली होती. पडवळ, दोडकं, कारलं, घेवडा आणि भोपळा. आई म्हणाली होती, "हे माझ्या आईचं बी. आता तुझं. पुढं तुझ्या लेकीच्या ओटीत घाल." येसूनं विचारलं, आई आई, ह्याचा वसा काय? आईनं सांगितलं. आषाढात आळं करावं, बी टोकावं. श्रावणात रोज सकाळी पान उलटून बघावं, दव असताना राख भुरभुरावी. भाद्रपदात किडकं फळ वेलाखाली ठेवू नये, हातभर खोल पुरावं. पहिलं धड फळ तोडू नये, दोरा बांधून बियाला राखावं. बी वाळलं की राखेत ठेवावं. आणि एक मूठ शेजारी द्यावी. पाण्यानं उतू नये, खतानं मातू नये, घेतला वसा टाकू नये.

मग आई वारली. येसू वसा वसू लागली. वेल मांडवावर चढले, भाजी घराला पुरून उरली. पण शेवटची गोष्ट तिनं केली नाही. मूठ शेजारी दिली नाही. का? जीव. बाईचा जीव माहेरच्या वस्तूत अडकतो, तुम्हांला काय सांगायचं.

वस्तीच्या टोकाला अनशी शिंपीण राहायची. एकटी होती, लोकांच्या चोळ्या शिवायची. ती एकदा आली, पडवळाच्या चार बिया मागू लागली. येसू म्हणाली, माझ्या आईचं बी परक्या मातीत जायचं नाही. शिंपीण गेली. येसूची लेक मथू तेव्हा सहा वर्षांची, दारात उभी होती. तिच्याकडे वळून येसू म्हणाली, "जी हे बी घराबाहेर देईल, ती माझी लेक नव्हे." बोलू नये ते बोलली. त्या दिवसापासून येसूनं शिंपिणीच्या परसाकडे मान वळवली नाही.

मथू मोठी झाली, लग्न ठरलं. वैशाखअखेरची तिथी निघाली. येसूनं मनाशी धरलं, ह्या साली ताजं, भरदार बी करीन नि लेकीच्या ओटीत घालीन. पडवळ, दोडकं, कारलं ह्यांचं होतं नव्हतं तेवढं सगळं बी आषाढात तीन आळ्यांत लावलं. घरात राखलं काही नाही. घेवडा नि भोपळा तेवढा मागं राहिला, कारण त्यांची वेळ पुढची.

श्रावणात पडवळ लोंबलं, दोडकं लोंबलं, कारलं लोंबलं. तिघांना दोरे बांधले. तेवढ्यात व्याही अचानक दारात आले. बाहेर पावसाची झड, बाजार बंद, घरात भाजी नाही. येसूनं परसात जाऊन पाहिलं. दोरा बांधलेली तीनच फळं खाण्याजोगी. ती म्हणाली, मागून दुसरी येतीलच. दोरे सोडले, फळं चिरली. व्याह्यांनी बोटं चाटली नि गेले.

मागून फळं आली. पण फळमाशी बसली. फळ बोटाएवढं होई, पिवळं पडे, चिरलं की आत अळ्या. येसू ते वेलाखालीच टाकी. म्हणे, मातीचं मातीला, खत होईल. बायांनो, ही चूक तुम्हीही करता. त्या अळ्या मातीत जातात नि माशा होऊन वर येतात. आज दहा, उद्या शंभर. अनशी शिंपीण येता-जाता ते कुंपणावरून बघत होती. तिनं चिंध्यांच्या लहान लहान खोळी शिवल्या नि घेऊन आली. म्हणाली, फळ बोटाएवढं असतानाच खोळ चढव, माशी बसत नाही. येसूला वाटलं, ही बी मागायलाच आली. खोळी घेतल्या नाहीत. भाद्रपद सरला. पडवळ गेलं, दोडकं गेलं, कारलं गेलं.

कार्तिकात घेवडा लावला. आता येसू भ्याली होती. भीतीनं हात आवरत नाही. सकाळी पाणी, दुपारी पाणी, सांजचं पाणी. वर कच्चं शेण. पानं काळीभोर झाली, फूल येईना. शेंड्यांवर माव्याची बारीक चिकट कीड बसली, माव्यामागं मुंग्या लागल्या. शिंपीण परत आली. म्हणाली, मुळांना श्वास घेऊ दे, पाणी तोड, मावा रिठ्याच्या पाण्यानं धू. येसू म्हणाली, मला शिकवू नकोस. आठ दिवसांनी वेल पिवळा पडला. उपटून पाहिला तर मुळं कुजलेली, आणि शेणातून आलेली हुमणीची जाड पांढरी अळी उरलेली मुळं खात बसलेली. घेवडा गेला.

मग भोपळ्याची एकच बी राहिली. माघ लागताच लावली. उगवली, दोन गुबगुबीत दलं वर आली. पण येसूच्या मनानं हाय खाल्ली होती. चार सकाळी ती उठलीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पान कोणी उलटलं नाही, राख कोणी टाकली नाही. पाचव्या दिवशी गेली तर तांबड्या भुंगेऱ्यांनी दोन्ही दलं खाल्लेली, नुसतं देठ उभं. येसू आळ्यात बसली. आळेबाईला म्हणाली, "माझ्या आईचं आता काहीच उरलं नाही." आळेबाई बोलली नाही. गोटा कुठं बोलतो?

वैशाख आला. मांडव पडला. लेक सासरी निघाली, ओटी भरायची वेळ झाली. येसूनं तांदूळ घेतले, नारळ घेतला, आणि हात तिथंच थांबला. बायका बघू लागल्या. येसूला रडूही येईना. म्हणाली, मी माझ्या आईला बुडवलं, तुलाही रित्या ओटीनं धाडते.

मथूनं मान खाली घातली. म्हणाली, "आई, मी चोरी केली आहे. सहा वर्षांची असताना पडवळाच्या दोन बिया अनशीमावशीला दिल्या. तू लेक म्हणणार नाहीस म्हणून बोलले नाही. तिलाही शपथ घातली होती."

येसू उठली. भरल्या मांडवातून निघाली, वस्तीच्या टोकाला गेली. इतक्या वर्षांनी तिनं त्या परसाकडे पाहिलं. मांडवावर पडवळाचा वाळला वेल होता, त्यावर चिंध्यांच्या खोळी अजून लटकत होत्या. येसूनं पदर पसरला. म्हणाली, तुला चार नाकारल्या, मला दे. शिंपिणीनं राखेचं मडकं काढलं नि ओंजळ भरून दिली. एक शब्द लावून बोलली नाही. ती देवी होती का, असं विचारू नका. शिंपीणच होती.

येसूनं मथूची ओटी भरली. "लेक माझीच," म्हणाली. मथूनं ओटीतल्या दोन बिया काढल्या नि आईच्या तळहातावर ठेवल्या. म्हणाली, "वसा टाकू नकोस. मूठ शेजारी दे." आणि गेली.

बाकीची चार बियाणी देवीनं परत दिली नाहीत. गेली ती गेलीच. येसूनं आषाढात दोन बिया टोकल्या. एक कुजली, एक उगवली. तिनं पान उलटलं, खोळी चढवल्या, किडकं खोल पुरलं, पहिल्या फळाला दोरा बांधला. बी वाळलं तशी सात दारी मूठ मूठ देऊन आली. आणि प्रत्येक दारात गेलेल्या चौघांची नावं घेतली: दोडकं, कारलं, घेवडा, भोपळा.

येसूचं गेलं तसं कुणाचं न जावो. शिंपिणीच्या मडक्यात राहिलं तसं तुमच्याआमच्या शेजारी राहो. ही चार बियाण्यांच्या दुःखाची कहाणी, पाचव्या बियाण्यावर सुफळ संपूर्ण. आता अक्षता वाहा, आणि पदराला बी बांधून आणलं असेल तर शेजारणीला द्या.