धीरसेन राजा अंड्यावर बसतो

एक होता राजा. त्याचं नाव धीरसेन. नाव बारशाला ठेवतात, तेव्हा मूल पुढे कसं निघणार हे कुणाला ठाऊक असतं? या धीरसेनाला धीर म्हणून नव्हता.

सकाळी तो एका हाताने दात घासायचा आणि दुसऱ्या हातात दुधाचा पेला धरून उभा असायचा. न्याय द्यायचा तोही घोड्यावर बसून. माणूस तक्रार सांगायला लागला की राजा म्हणायचा, "समजलं, पुढचा!" मग पुढचा यायचा, आणि मागच्याचा न्याय पुढच्याला मिळायचा. कुणाची म्हैस कुणाच्या गोठ्यात गेली, काही विचारू नका.

पण खरं सांगायचं तर राजाला बरं वाटत नव्हतं. छाती सारखी धडधडायची. जेवणाला चव लागायची नाही. गादीवर पडला की डोळे टक्क उघडे. राजवैद्याने नाडी बघितली आणि म्हणाला, "महाराज, औषध नको. विसावा घ्या."

"घेतो, घेतो," राजा म्हणाला. "लवकर आणा."

या राजाला एक मुलगी होती. शेवंती तिचं नाव, पण सगळे शेवूच म्हणत. ती अखंड बोलायची. मुंगीशी बोलायची, पायपुसण्याशी बोलायची, वरणातल्या मोहरीशी बोलायची. बाबांशी मात्र अर्धंच बोलणं व्हायचं, कारण उरलेलं अर्धं येईपर्यंत बाबा वाड्याबाहेर गेलेले असायचे.

ओवी, हसू नकोस. तुझ्याबद्दल नाही बोलत मी.

एकदा काय झालं, राजाने माळावरून घोडा भरधाव सोडला. कुठे निघाला होता? ते त्यालाही नीटसं ठाऊक नव्हतं. पोचल्यावर कळलं असतं. माळावर होतं टिटवीचं घर. घर म्हणजे काय, चार खडे आणि मध्ये एक अंडं. टापा ऐकल्या तशी टिटवी ओरडत उठली आणि पंख पसरून घोड्याला आडवी आली. अंडं वाचलं. पण टाप तिच्या पायाला लागली.

"राजा," टिटवी म्हणाली. त्या काळी पक्षी माणसांशी बोलत, बरं का. पुढे त्यांना कंटाळा आला. "राजा, माझा पाय दुखावला. मला आता अंड्यावर बसता येणार नाही. तू खाली उतर."

"एका अंड्यासाठी?" राजा म्हणाला. "मला वेळ नाही गं बाई. तुला टोपलीभर अंडी पाठवतो."

टोपलीभर अंडी! आणि कुणाला सांगतोय? आईला!

टिटवीने मान वाकडी केली. "माझं पिल्लू अंड्यातून बोलायचं. मला ऐकू यायचं. तुझ्या टापांनी ते भ्यालं आणि गप्प झालं. आता तुझ्या घरातलंही गप्प होऊ दे. तुझ्या लेकीचा आवाज मी या अंड्यात ठेवते. पिल्लू बाहेर येईल तेव्हा आवाज बाहेर येईल. उबवायचं मात्र तूच. अंडं दोनदा गार पडलं तर सोसेल. तिसऱ्यांदा पडलं, की पिल्लूही नाही आणि आवाजही नाही."

राजाने अंडं शेल्यात गुंडाळलं आणि घरी आला. शेवू दारातच उभी होती. तिने बाबांना बघून तोंड उघडलं. आवाज नाही. तिने खाली वाकून मुंगीकडे बघत ओठ हलवले. मुंगी जरा थांबली, आणि मग आपल्या वाटेने गेली.

राणीने तोंडाला पदर लावला. "अहो, काय करून आलात तुम्ही?"

राजाने टिटवीचं सगळं सांगितलं. सांगताना त्याच्या छातीत धडधडलं. पण या वेळी ते घाईचं नव्हतं.

आता टिटवीने 'तूच' म्हणून सांगितलं होतं की नाही? पण सवय वाईट असते. राजाने प्रधानाला हाक मारली. "नरहरपंत, एवढं अंडं उबवून घ्या."

"आज्ञा," नरहरपंत म्हणाले. मग त्यांनी एक खातं काढलं. अंडे उबवणी खातं. त्यावर एक मुख्य नेमला. मुख्याच्या हाताखाली दोन उपमुख्य नेमले. एकाने ऊब किती ते बघायचं, दुसऱ्याने पहिल्याने बघितलं का ते बघायचं. चर्चा झाली, पानसुपारी झाली. अंड्याला हात लावायला मात्र माणूस नेमायचा राहिला.

संध्याकाळी शेवूने अंडं उचलून गालाला लावलं. गार! तिचे डोळे भरून आले, पण रडण्याचासुद्धा आवाज येईना.

मग राजा म्हणाला, "मीच बसतो." राणीने बागेत करंजाच्या झाडाखाली घोंगडी अंथरली. राजा मांडी घालून बसला. अंडं ओंजळीत, ओंजळ पोटाशी. डोळे मिटले, दात आवळले, आणि मनाला हुकूम सोडला की खबरदार, हलायचं नाही!

पण मन काय त्याच्या पदरी नोकरीला होतं? राजा घोंगडीवर आणि मन घोड्यांच्या पागेत. तिथून ते गेलं सरहद्दीवर. तिथून परवा शेजारचा राजा काहीतरी वाकडं बोलला होता, त्याला उत्तर द्यायला गेलं. उत्तर छान सुचलं, पण परवा सुचायला हवं होतं. इकडे गुडघा टकाटक हलतोय. तेवढ्यात झाडावर साळुंकी बोलली.

"गप्प बसा!" राजा ओरडला. "दिसत नाही, मी शांत बसलोय!"

बागेतली सगळी कबुतरं उडाली. राजाने तळहात बघितले तर बर्फ. अंडं दुसऱ्यांदा गार पडलं होतं.

आता मात्र राजा घाबरला. इतका घाबरला, की पळायचंही विसरला. समोर शेवू उभी होती. तिला तो हळूच म्हणाला, "बाळा, मला नाही गं जमत."

राजांनी असं म्हणायची पद्धत नसते. पण तो म्हणाला.

मग शेवूने काय केलं? ती त्याच्या शेजारी घोंगडीवर बसली, अगदी टेकून. तिने आपला एवढासा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि त्याला थोपटू लागली. आई तिला रोज थोपटायची ना, तसंच. धप... धप... फार जोरात नाही, फार हळू नाही.

राजाला कुणी थोपटून किती वर्षं झाली असतील! आधी तो अवघडला. मग त्याचे खांदे जरा खाली आले. मग त्याचा श्वास त्या थोपटण्याबरोबर चालायला लागला. आत... बाहेर... राजा नुसता श्वासाकडे बघत राहिला. नाकातून आत जाताना तो गार लागत होता, बाहेर येताना कोमट. इतकी वर्षं नाक तोंडावरच होतं, पण हे त्याला ठाऊक नव्हतं.

तन्मय, नाक चिमटीत धरू नकोस. सोड. नुसतं बघ, गार लागतं का ते.

मग काळज्या आल्या. त्या येणारच, त्यांना राजाच्या घरची सवय होती. आधी सरहद्दीची काळजी आली. एरवी राजा तिच्यामागे धावला असता. पण त्याला आठवलं, दारी आलेल्या लोकांना नरहरपंत काय सांगतात. तो मनातल्या मनात म्हणाला, "उद्या या." भांडला नाही, ओरडला नाही. काळजी जरा घुटमळली आणि गेली. मग घोड्यांची आली. "उद्या या." मग शेजारच्या राजाची आली. "उद्या या." दर वेळी राजा पुन्हा आपला श्वासाशी येऊन बसायचा. त्या राज्यात या दोन शब्दांनी कुणाचं भलं झालं, ते तेव्हाच पहिल्यांदा.

गुडघा थांबला. तळहात कोमट झाले. शेवूने वाकून अंड्याला गाल लावला आणि हसली.

असे दिवस गेले. किती गेले ते राजाला विचारू नका, त्याने मोजले नाहीत. रोज नीट जमायचं असंही नाही हं. एक दिवस तर नुसती पाठच खाजत होती. पण अंडं गार पडलं नाही. राणी तिथेच बसून राजाला घास भरवायची. राजा म्हणायचा, "आमटी छान झालीय." राणी म्हणायची, "बारा वर्षं अशीच होतेय." रात्री तो अंडं पोटाशी धरून तिथेच लवंडायचा आणि चक्क झोपायचा. राज्य बुडालं नाही. सगळी कामं होत राहिली. नरहरपंतांना त्याचं जरा वाईटच वाटलं.

आणि मग एका दुपारी, टिक्!

अंड्याला बारीक चीर गेली. राजाने श्वास रोखला. चिरेतून चोचीचं टोक दिसलं, इवलंसं. आणि ते थांबलं.

राजा वाट बघतोय. शेवू वाट बघतेय. टोक हलेना. ऊन करंजाच्या या बाजूने त्या बाजूला गेलं. राजाच्या छातीत पुन्हा धडधड सुरू झाली. चीर एवढी मोठी होती, की नुसतं नख लावलं तरी कवच उघडलं असतं. उघडलं की आवाज! आत्ताच्या आत्ता! राजाचं बोट निघालंसुद्धा.

पण अंडं बाहेरून फोडलं तर पिल्लू जगत नाही, बरं का. त्याला आतूनच यावं लागतं, दमत दमत, थांबत थांबत. शेवूला ते ठाऊक होतं. तिचे ओठ हलले. पण 'नको' म्हणायला तिच्याकडे आवाज कुठे होता?

राजाचं बोट कवचाला टेकलं. राजाने त्या बोटाकडे बघितलं. त्याने एक श्वास घेतला. आत... बाहेर... आणि त्याने बोट मागे घेतलं. एका तळहातावर अंडं तसंच पोटाशी धरलं. दुसरा हात रिकामा झाला होता, तो त्याने शेवूच्या पाठीवर ठेवला. आणि आता बाबा शेवूला थोपटू लागले. धप... धप...

दोघं बसून राहिली. पुढे काय होईल ते होईल.

मग चोच हलली. टिक्, टिक्. एक तुकडा पडला, दुसरा पडला, आणि ओलं ओलं, लटपटतं पिल्लू बाबांच्या तळहातावर आलं.

प्रधान धावले, राणी धावली, उबवणी खात्याचे मुख्यही धावले. राजकन्या आता काय बोलणार म्हणून सगळे कान देऊन उभे राहिले.

"बाबा," शेवू म्हणाली, "माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

राजा हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला. त्याने पिल्लू राणीच्या ओंजळीत दिलं, शेवूचा पाय मांडीवर घेतला आणि हळूहळू चोळत बसला.

टिटवी आली, जराशी लंगडत. पिल्लाला बघून म्हणाली, "बरं उबवलंस. मांडी वाकडी होती, पण चालायचंच." मग मायलेकरं माळावर निघून गेली.

त्यानंतर राजा रोज करंजाखाली थोडा वेळ बसायचा. अंडं नसायचं, नुसताच बसायचा. श्वास आत, श्वास बाहेर. छातीची धडधड गेली, रात्री झोप लागू लागली. न्याय ज्याचा त्याला मिळू लागला, आणि म्हशी आपापल्या गोठ्यात परतल्या. त्याचं बघून लोकही बसायला लागले. दोनतीन जणांनी शांत बसायचे वर्ग काढले, ते मात्र फार घाईत असत. बाकी राजा सुखात, राणी सुखात, शेवू सुखात, आणि माळावर टिटवीचं पिल्लू सुखात.

झाली गोष्ट. पाय लांब करा. खांदे सोडा, गादी धरून ठेवते त्यांना. ओवी, तन्मयचं पांघरूण दे त्याला. आता कुणी बोलायचं नाही. श्वास आत येतोय, येऊ दे. बाहेर जातोय, जाऊ दे. मी आहे इथे थोपटायला.

धप... धप...