लाकूड लावल्यावरचा आकडा

एकदा एका गावात एक वृद्ध कातारी राहत असत. कातारी म्हणजे लेथवर लाकूड फिरते ठेवून पटाशीने त्याला गोल, देखणा आकार देणारा कारागीर. लोक त्यांना तात्या म्हणत, आणि पाठीमागे तुसडेही म्हणत. माझ्या मते ते तुसडे मुळीच नव्हते. त्यांना खोटी स्तुती करण्याचा कंटाळा होता, आणि आपल्याकडे या दोन गोष्टींतला फरक फार थोड्यांना कळतो.

त्यांच्याकडे विश्राम नावाचा शिष्य होता. पस्तिशी गाठलेला, संसारी माणूस. दिवसभर गुरूंच्या ओसरीवर काम करी आणि घरी परतला की मागच्या पडवीत स्वतःचा लेथ बांधत बसे. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मोटर, भंगारातून निवडून आणलेल्या पुल्या, कुठल्याशा पलंगाचे लोखंडी पाय, असा सगळा गोतावळा जमवून त्याने यंत्र उभे केले. ते पहिल्यांदा फिरले त्या दिवशी विश्रामच्या बायकोने यंत्राला हळदकुंकू वाहिले. विश्रामला त्या लेथचा फार अभिमान वाटे. वाटणारच. स्वतःच्या हातांनी उभ्या केलेल्या वस्तूचा ज्याला अभिमान वाटत नाही, त्याने ती उभी करण्याचा खटाटोप तरी कशाला करावा?

यंत्र फिरू लागल्यावर ते मिनिटाला किती फेरे घेते, हे जाणून घ्यायची त्याला ओढ लागली. त्याने लाकूड धरणाऱ्या चकवर एक चिमुकले लोहचुंबक चिकटवले, शेजारी ते ओळखणारा सेन्सर बसवला आणि त्याची तार एका डब्याला जोडली. चक फिरू लागले की डब्यावर लाल आकडे उमटत. आकडा आला बाराशे. विश्रामची छाती फुगली. मग त्याने सागाचा तुकडा चढवून पटाशी टेकवली, तर आकडा घसरत घसरत नऊशेवर आला. विश्रामने पटाशी उचलली. मग त्याने तुकडा काढून ठेवला आणि स्वतःची समजूत घातली की वेग मोजायचा तो मोकळ्या यंत्राचाच. माणूस स्वतःची समजूत घालण्यात किती तरबेज असतो, हे मी तुम्हांला निराळे सांगायला नको.

त्याच सुमारास शहरातले एक व्यापारी मंगल कार्यालय बांधत होते. तिथल्या दोन जिन्यांच्या कठड्यांना त्यांना सागवानी खांब हवे होते. तात्यांना आता दिवसभर उभे राहणे होत नसे, म्हणून त्यांनी विश्रामचे नाव सुचवले. शेठ म्हणाले, "मी याला ओळखत नाही. त्याचं यंत्र बघू. तिथं उभं राहून तुम्ही शब्द दिलात, तर काम त्याचं." हे काम मिळाले असते तर विश्रामची स्वतःची कार्यशाळा सुरू झाली असती. नाही मिळाले तर तो लेथ पडवीतच राहणार होता आणि विश्राम दुसऱ्याच्या ओसरीवर.

ठरलेल्या सकाळी शेठ आणि तात्या पडवीत आले. विश्रामने यंत्र सुरू केले. एकसारखा, गोड आवाज आला आणि डब्यावर बाराशे उमटले.

"बाराशे, शेठ," विश्राम म्हणाला.

"अरे वा," शेठ म्हणाले. "आधी पाहिलेल्या माणसाचं यंत्र आठशेच्या वर जात नव्हतं. मग दोन्ही जिने दिवाळीआधी नक्की. तात्या, द्या शब्द."

तात्या कोपऱ्यातल्या जळणाकडे गेले, त्यातून बाभळीचा एक गाठाळ ओंडका त्यांनी निवडला आणि विश्रामपुढे धरला.

"हा चढव."

"तात्या, हे जळण आहे. खांब सागाचे करायचेत."

"ते ठाऊक आहे मला. तू चढव."

गुरूपुढे वाद कसला घालायचा? विश्रामने ओंडका चढवला. तात्यांनी पटाशी घेतली आणि ती अलगद न टेकवता सगळा भार देऊन लाकडात दाबली. आकडा हजाराखाली आला. त्यांनी आणखी दाबले. पट्टा किंचाळू लागला, मोटर घुमू लागली, आकडा सातशेवर उतरला. शेठच्या कपाळावर आठ्या पडल्या. विश्रामच्या तोंडचे पाणी पळाले. आपल्याच गुरूंनी, आपल्याच दारात, नेमक्या याच माणसासमोर आपला असा पाणउतारा का करावा, हे त्याला काही केल्या उमगेना. तात्यांनी पटाशी उचलली तसा आकडा हळूहळू चढत पुन्हा बाराशेवर गेला. तात्या शांतपणे स्टुलावर जाऊन बसले आणि त्यांनी पाणी मागितले.

शेठनी विचारले, "यातला खरा आकडा कोणता समजायचा मी?"

सबब तयारच होती. बाभूळ गाठाळ होती, दाब अवाजवी होता, आणि हे सांगितले असते तर ते खोटेही ठरले नसते. विश्रामने तात्यांकडे पाहिले. तात्या दारातल्या जास्वंदीकडे बघत होते.

"सागावर नऊशे," विश्राम म्हणाला. "मी मोजलंय. बाराशे आहेत ते मोकळ्या यंत्राचे. नऊशेवरही काम सुबक होईल, शेठ, ती माझी हमी. पण हात हलका ठेवावा लागेल, वेळ जाईल. दिवाळीआधी दोन जिने होणार नाहीत. एक होईल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"बाराशे ऐकायला बरं वाटत होतं," विश्राम म्हणाला. हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते, पण नजर खाली गेली नव्हती.

शेठ तात्यांकडे वळले. "आता तुम्ही बोला."

"आता देतो शब्द," तात्या म्हणाले. "मघाशी दिला नसता. शेठ, मोकळं यंत्र कुणाचंही पळतं. लाकूड लागलं की सगळ्यांचाच वेग पडतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. याचं यंत्र मी जीव खाऊन दाबलं, तरी ते बंद पडलं नाही, आणि हात काढताच सावरलं. म्हणजे यंत्र चोख आहे. पण खांब नुसतं यंत्र करत नसतं. आकडा पडल्यावर हा काय बोलतो, ते मला ऐकायचं होतं. बाभळीवर खापर फोडणं सोपं होतं. यानं फोडलं नाही. मला या माणसाचा अभिमान वाटतो, आणि मी हे सहसा बोलत नाही, हे तुम्ही गावात कुणालाही विचारा."

"एक जिना तुमचा," शेठ विश्रामला म्हणाले. "आणि तो मनासारखा झाला, तर दुसऱ्यासाठी मी थांबेन. कार्यालय काही पळून जात नाही."

इतकी वर्षे तात्यांच्या ज्या तोंडातून विश्रामने 'बरं आहे' यापलीकडे काही ऐकले नव्हते, त्या तोंडून आज हे ऐकले होते. शेठ निघून गेल्यावर तो तात्यांच्या पाया पडायला वाकला, तर तात्यांनी त्याला दंडाला धरून उभे केले.

"ते राहू दे. उद्या तुझा तो आकड्यांचा डबा घेऊन माझ्याकडे ये. माझ्या लेथचा वेग मी जन्मात मोजलेला नाही. नुसत्या कानानं ऐकतो आणि चारचौघांत हजार सांगतो."

"लाकूड लावून मोजू?"

"नाहीतर कसा मोजणार?"

"आणि कमी भरला तर, तात्या?"

"तर जेवढा भरेल तेवढा सांग. जरा मोठ्यानं सांग, हल्ली मला ऐकू कमी येतं."

दुसऱ्या दिवशी विश्रामने तात्यांच्या लेथवर साग चढवला, डबा जोडला आणि मोजले. साडेसातशे भरले. त्याने ते मोठ्याने सांगितले. तात्यांनी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते साडेसातशेच सांगू लागले. 'माझ्या शिष्यानं मोजलाय' हे पुढे जोडायला मात्र ते एकदाही विसरले नाहीत.