तागाच्या मुळावरच्या गाठी

कपाशीच्या मुलखात एकदा एक तरुण कुणबी ओंजळभर मुळ्या घेऊन आबाजींच्या ओट्यावर आला. आबाजी म्हणजे पंचक्रोशीतले वृद्ध जाणते. शेती शिकायची तर त्यांच्याकडेच. तरुणाचे नाव उकंडा. त्याच्या कपाशीच्या मुळ्या जागोजागी सुजून गाठाळल्या होत्या आणि झाडे भर पावसाळ्यात माना टाकत होती. वीटभट्टीवाले शेटजी त्या शेताची वरची माती खणून न्यायला टपलेच होते. माती गेली की शेत संपलेच!

"कापूस निघाल्यावर पऱ्हाट्यायचं काय करतं?" आबाजींनी विचारले.

"जमिनीबरोबर कापतो, चुलीले होतात. माह्यं रान अंगणावानी स्वच्छ असते, आबाजी."

"यंदा खुंट मुळासकट उपट. पुढच्या साली कपाशी नाही. ताग पेर."

उकंडा खट्टू झाला, पण गुरूचा शब्द त्याने मोडला नाही. ताग पुरुषभर वाढला, पिवळ्याधमक फुलांनी शेत असे लखलखले की वाटसरू थबकत. आणि ऐन फुलोऱ्यात आबाजी म्हणाले, "आता नांगर घाल. सगळा गाडून टाक."

शेटजी बांधावर खो खो हसले. "उभं पीक मातीत घालतं, मंग ते माती मलेच काहून देत नाही?"

उकंडाचा जीव तीळतीळ तुटला. त्याने एक ताग उपटला आणि त्याचे डोळेच विस्फारले. "आबाजी, घात झाला! याच्याबी मुळाले गाठी!"

"नखानं काढून पाहा."

गाठ अलगद सुटून तळव्यावर आली. फोडली तर आत गुलाबी. कपाशीची गाठ अशी कधी सुटली नव्हती. तिथे खुद्द मुळी सुजलेली असे.

"ते गाठ किडीची," आबाजी म्हणाले, "डोळ्याले न दिसणारी कीड मुळीत शिरते, तिथंच वंश वाढवते. तू वरून रान झाडलं अन् खाली तिचं घर जपलं. हे गाठ पाहुण्यायची, बारीक गुणी जिवायची. ते हवेतलं खत आणून तागाले देतात. कीड तागातही शिरते, पण इथं तिचा पाळणा हलत नाही. अन् हा पाला कुजला, का मातीतले दुसरे जीव जोर धरतात, उरल्यासुरल्या किडीवर तुटून पडतात. राखणदार मातीतच हायेत, पोरा. उपाशी होते. त्यायले जेवू घाल."

जन्मभर उकंडा या मातीवरून चालला होता; तिच्या पोटात एवढा संसार नांदतो, हे त्याला आजवर ठाऊक नव्हते. त्याने वाकून ती माती कपाळाला लावली आणि नांगर जुंपला.

पुढल्या साली कपाशी कमरेवर आली. एक झाड उपटून पाहिले, तर मुळी बहुतेक सरळ आणि पांढरीशुभ्र. तेवढ्यात शेटजी पुन्हा आले. "काय मंग, माती कधी नेऊ?"

उकंडा हात जोडून म्हणाला, "नाही जमणार, शेटजी. ते कामात हाय."