खार आणि मिरचीच्या नऊ बिया

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात मोहाचे एक जुने झाड होते. त्याच्या ढोलीत एक खार आपल्या दोन पिल्लांसह राहत होती. खरे म्हणजे पिल्ले तीन होती. पण मागच्या पौषात वानरांची टोळी आली, टोळीच्या म्होरक्याने ढोलीत हात घालून सगळी बेगमी ओरबाडून नेली आणि सर्वांत धाकटे पिल्लू त्या थंडीत उपासमारीने गेले. वानरे दर पौषात येतात. म्हणून मुलांनो, खारीला रडत बसायलाही वेळ नव्हता.

त्या धुमाकुळात खारीने एक गोष्ट मात्र पाहून ठेवली होती. झाडाखाली मिरचीचे एकुलते एक झुडूप होते. त्याची लाल मिरची एका वानराने चावली मात्र, आणि ते बोंब मारत ओढ्याकडे पळाले! "दाराशी मिरची पसरली तर मेले ढोलीला हात लावणार नाहीत," खारीने ताडले. पण उन्हाळ्यात झुडूप वाळून गेले. त्यावर एकच सुकी, किडकी मिरची उरली. ती फोडली तेव्हा आत धड अशा नऊच बिया निघाल्या. नऊ तर नऊ! नऊ झुडपे झाली तर शेजारपाजारच्या सगळ्यांच्या दारांना मिरची पुरणार होती. श्रावणाच्या सरी ओसरल्यावर खारीने ढोलीखाली वाफा केला, माती भुसभुशीत केली, नखाएवढ्या खोलीवर बिया पेरल्या आणि वर ओंजळभर पाणी शिंपडले.

इथवर सगळे ठीक होते. पण खारीची जात तुम्हाला ठाऊकच आहे. पुरलेले उकरून पाहिल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. तिसऱ्या दिवशी तिने एक बी उकरले. काही नाही. पुन्हा पुरले, दुपारी पुन्हा उकरले. बी उन्हात कोळपून गेले. चौथ्या दिवशी दोन गेल्या, पाचव्या दिवशी आणखी दोन. सहाव्या दिवशी एका बीला पांढरा मोड दिसला आणि खार आनंदाने इतकी नाचली, की मोड तिच्याच पंजात तुटला. मग घाबरून तिने शेजारचे बी उकरले. त्याचाही मोड मोडला.

"अगं खारूताई, काय चालवलं आहेस हे?" झुडपातून रानकोंबडी धावत आली.

"जिवंत आहेत का ते बघते गं," खार रडवेली होऊन म्हणाली. "दोनच राहिल्या. पौष काही माझ्यासाठी थांबणार नाही!"

कोंबडी खारीजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "पहिल्या खेपेला मीही एक अंडं टोचून पाहिलं होतं. पिल्लू जिवंत होतं. मी टोचेपर्यंत." तिने मान वळवली. "तेव्हापासून मी एकवीस दिवस नुसती बसते."

खारीने दोन्ही पंजे काखेत घातले. त्या दिवसापासून कोंबडी वाफ्याशेजारी राखणीला बसू लागली. पण माती दिसली की कोंबडीचेही पाय शिवशिवतात! म्हणून ती पाय पोटाखाली दाबून बसे. कोंबडीने खारीला आवरायचे आणि खारीने कोंबडीला, असे सहा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी मातीतून दोन हिरव्या माना वाकून वर आल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि दोघीही रडल्या.

पौष उजाडेपर्यंत झुडपे मिरच्यांनी लाल झाली. पक्ष्यांना तिखट लागत नाही, त्यामुळे कोंबडीने चोचीने मिरच्यांचा चुरा केला. खार मात्र लांब उभी राहून शिंकत होती. पण दोन झुडपांच्या मिरच्या त्या किती? चुरा एकाच दारापुरता भरला. मग ससा, उंदीर, कोंबडी, सगळ्यांनी आपापले दाणे खारीच्या ढोलीत आणून ठेवले. आत पाय ठेवायला जागा उरली नाही. वरच्या थरातल्या जोंधळ्यात आणि ढोलीच्या तोंडाशी खारीने चुरा पसरला आणि पिल्लांना घेऊन ती अगदी तळाशी शिरली.

दुपारी फांद्या गदगदा हलल्या. म्होरक्याचा काळा हात ढोलीत आला. चुऱ्यातून, दाण्यांतून तो खाली सरकला. काहीच झाले नाही. बोटे दोघांतल्या धाकट्याच्या शेपटीला लागली आणि खारीने त्या पिल्लाचे तोंड दाबून धरले. हात मूठभर जोंधळा घेऊन वर गेला. बाहेर कराकरा चावल्याचा आवाज आला. मग शांतता.

आणि मग अशी किंकाळी उठली, की सगळे रान दणाणले! म्होरक्याने तोंड चोळले, त्याच हाताने डोळे चोळले आणि तो ठो ठो बोंबलत ओढ्याकडे धावला. त्यामागे सारी टोळी पळाली. ती त्या पौषात परत फिरकली नाही.

पुढच्या श्रावणात खारीने पिकून लाल झालेल्या मिरच्यांच्या जपून ठेवलेल्या बिया घरोघर वाटल्या आणि आपलाही वाफा पेरला. चौथ्या दिवशी धाकटे पिल्लू वाफ्याशी घुटमळू लागले. "आई, आत काय चाललंय ते एकदाच बघू?"

खारीने त्याचा इवलासा पंजा आपल्या पंजात घट्ट धरला.

"मीही एकदाच बघत होते, बाळा," ती म्हणाली. "सात वेळा."

तात्पर्य : पेरणे आणि पाणी घालणे आपल्या हाती असते, ते चोख करावे, पण त्यानंतर हात आवरून धरणे हेही एक कामच आहे, आणि ते ज्याला जमत नाही त्याच्या हाती नुसती माती राहते.