नाकतोड्याला घंटीची टोपी कशी मिळाली

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. माझी भाची रेणू तीन वर्षांची आहे, तिच्यासाठी ही गोष्ट लिहिली. ज्यांच्या मांडीवर लहान मूल आहे, त्यांनी मोठ्याने वाचावी. मला चारचौघांत वाचायला लाज वाटते. गोष्टीतला मामा म्हणजे मीच.

एक होता नाकतोडा. हिरवागार. बोटाएवढा. तो मामाच्या सायकलवर राहायचा. घंटीला होती चकचकीत टोपी. तो टोपीवर बसायचा. सायकल चालली की टोपी थरथरायची. नाकतोड्याच्या पायांना गुदगुल्या व्हायच्या.

एक दिवस मामा निघाला फिरायला. जुन्या रेल्वेच्या वाटेने. पूर्वी इथून छोटी गाडी जायची. झुक झुक, झुक झुक. आता रूळ नाहीत. नुसती खडी, नुसतं गवत. वाट मात्र सरळच्या सरळ. सायकल चालली खड खड, खड खड.

वाटेखालच्या मोरीपाशी आला दगड. धडाम! टोपी उडाली. टण् टण् टण्... डुबुक. मोरीतल्या पाण्यात गेली.

मामाला वाटलं, खडा उडाला. त्याने सायकल लावली. भाकरी खाल्ली. कांदा खाल्ला. लिंबाखाली आडवा झाला. घुर्र घुर्र.

नाकतोडा रडवेला झाला. "संध्याकाळी मामा घरी जाईल. माझी टोपी इथेच राहील. मग मी बसू कुठे?"

मोरीत होता खेकडा. नाकतोडा गेला टुणुक टुणुक.

"खेकडेदादा, खेकडेदादा, टोपी काढ. माझी टोपी मिळेना."

खेकडा म्हणाला, "इथे अंधार आहे. मला दिसत नाही. बाभळीने ऊन अडवलंय. तिला सांग."

नाकतोडा गेला टुणुक टुणुक.

"बाभळबाई, बाभळबाई, ऊन येऊ दे. खेकड्याला दिसेना, माझी टोपी मिळेना."

बाभळ म्हणाली, "माझा पाला दाट झालाय. शेळी खाईल तर ऊन येईल. तिला सांग."

नाकतोडा गेला टुणुक टुणुक.

"शेळीताई, शेळीताई, पाला खा. ऊन येईना, खेकड्याला दिसेना, माझी टोपी मिळेना."

शेळी म्हणाली, "बें. मला काय, मी केव्हाही खाईन. पण माझं दावं बघ. फाटकाच्या दांड्याखाली अडकलंय. दांडा वर गेला तर सुटेल. शेषरावबाबांना सांग."

शेषरावबाबा रेल्वेच्या फाटकावर होते. खाटेवर बसून होते. फाटक बंद. लोक बाजूने जायचे. बैलगाड्या बाजूने जायच्या. 

नाकतोडा गेला टुणुक टुणुक.

"बाबा बाबा, फाटक उघडा. शेळी सुटेना, ऊन येईना, खेकड्याला दिसेना, माझी टोपी मिळेना."

बाबा म्हणाले, "नाही बाप्पा. गाडी गेल्याशिवाय फाटक उघडत नाही. असाच नियम आहे."

"गाडी कधी येईल?"

"येईल की. रोज यायची."

नाकतोडा गाडीला बोलवायला गेला. खडीवरून टुणुक टुणुक. गवतातून टुणुक टुणुक. दूर होतं जुनं ठेसन. दार मोडकं. बाकावर पाचोळा.

"ठेसना ठेसना, गाडी आण. फाटक उघडेना, शेळी सुटेना, ऊन येईना, खेकड्याला दिसेना, माझी टोपी मिळेना."

ठेसन म्हणालं, "गाडी कुठून आणू? माझे रूळसुद्धा नेले. पूर्वी इथे माणसं उतरायची. गठुडी उतरायची. आता चिमण्या उतरतात. एकही तिकीट काढत नाही. तू असं कर. ज्याला चाकं आहेत, त्याला विचार."

चाकं! नाकतोडा परत फिरला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. दमला बिचारा.

"सायकलबाई, सायकलबाई, तू गाडी हो. गाडी येईना, फाटक उघडेना, शेळी सुटेना, ऊन येईना, खेकड्याला दिसेना, माझी टोपी मिळेना."

सायकल म्हणाली, "होते की. दोन चाकं आहेत, वाटही गाडीचीच आहे. पण पायडल कोण मारणार? मामाला उठव."

नाकतोडा गेला टुणुक टुणुक. थेट मामाच्या नाकावर.

"मामा मामा, ऊठ. सायकल हलेना, गाडी येईना, फाटक उघडेना, शेळी सुटेना, ऊन येईना, खेकड्याला दिसेना, माझी टोपी मिळेना."

आँ... आँ... आक्छी!

मामा उठला. घंटी बघितली. टोपी नाही. नाकतोड्याचं तोंड बघितलं, एवढंसं झालेलं.  सायकलवर बसला. घंटी वाजेना, म्हणून तोंडानेच ओरडला.

"कूऽऽऽ! झुक झुक, झुक झुक."

शेषरावबाबा ताडकन उठले. शर्टाची बटणं लावली. खाटेखालून झेंडी काढली. जुनी झेंडी, हिरवी कमी आणि पांढरी जास्त. बाबा ताठ उभे राहिले.

सायकल गाडीच्या वाटेने फाटकापुढून गेली. झुक झुक, झुक झुक.

बाबांनी विचारलं, "किती डबे?"

"एकच, बाबा."

"चालेल," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले. मग त्यांनी फाटकाचं चाक फिरवलं. कुर्र कुर्र कुर्र.

फाटक उघडलं.
शेळी सुटली.
शेळीने पाला खाल्ला, कुरूम कुरूम.
ऊन आलं.
खेकड्याला दिसलं.
खेकड्याने नांगीत टोपी धरली आणि वर आणली.

"घे रे बाबा. किती ओरडलास."

मामाने टोपी पुसली. घंटीवर बसवली. नाकतोडा टुणकन वर बसला. ट्रिंग ट्रिंग. पायांना गुदगुल्या झाल्या. ऊन उतरलं होतं. वाट लांब होती. नाकतोडा बसून घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेतला आणि टोपी घट्ट पिळली. रेणूला पुढच्या दांडीवर बसवलं. आम्ही त्याच वाटेने गेलो. फाटक उघडंच होतं. शेळी बाभळीखाली होती. आम्हाला बघून शेषरावबाबांनी आधी फाटक लावलं. मग झेंडी काढली.

"आज किती डबे?"

रेणूने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग बाबांना दोन बोटं दाखवली.