इलाबाबाचे बेट

खाडीच्या तोंडाशी तो काळा उंचवटा दिसतो ना, तेच इलाबाबाचे बेट. भरती आली की जेमतेम दोन शेतांएवढी जागा पाण्यावर राहते. झाड नाही, गोडे पाणी नाही. आमच्या पाणकोळ गावचा माणूस तिथे मासळी सुकवत नाही, जाळे टाकत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. मी जुरान फोस, इथल्या देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवतो. हे मी माझ्या आजाकडून ऐकले. आमचे फादर म्हणतात, याला कागदाचा पुरावा नाही. नसेलही.

असे सांगतात, की येशूच्या प्रेषितांपैकी एक जण फार जुन्या काळी कल्याण बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्या गलबतात एलियाब नावाचा माणूस होता. तो बारा प्रेषितांपैकी नव्हे. प्रभूने दोघादोघांना गावोगाव पाठवले त्या बहात्तर जणांपैकी तो एक, म्हणे. प्रेषित पुढे गेले, हा आमच्या किनाऱ्यावर राहिला. एलियाब हे नाव लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते त्याला इलाबाबा म्हणू लागले.

आपण अशा माणसांना चित्रात बघतो, डोक्यामागे तेजाचे वलय असते. हा तसा नव्हता. बुटका, एका डोळ्याने अधू, बोलताना अडखळायचा. गावातल्या बायकांना जाळी विणू लागायचा आणि विणता विणता प्रभूची गोष्ट सांगायचा. त्याच्या उच्चारांना लोक हसायचे. दोन वर्षे झाली, एकानेही त्याचे ऐकले नाही. पोशा तांडेल तेवढा संध्याकाळी त्याच्याजवळ येऊन बसे. पोशाच्या होडीवर गाव जगत होते. सगळ्यांत मोठी होडी त्याची.

एकदा पोशाने विचारले, "तुझ्या गुरूला मारले तेव्हा तू कुठे होतास?"

"लांब. गर्दीच्या मागे."

"मग?"

"मग पळालो. क्रुसावरून त्यांनी 'तहान लागली' म्हणून हाक मारली. ती हाक मला ऐकू आली होती, पोशा. तरी पळालो."

त्यानंतर तो बराच वेळ जाळ्याची एकच गाठ सोडत बसला. अखेर म्हणाला, मरणाऱ्या माणसाला सोडून मी पुन्हा जाणार नाही, असा शब्द मी त्यांना दिला आहे.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात गावात देवी आल्या. अंगभर फोड, ताप, डोळे मिटलेले. गावाच्या पंचांनी ठरवले, ज्याच्या अंगावर फोड दिसेल त्याला बेटावर नेऊन ठेवायचे. सोबत एक मडके पाणी, थोडा भात. नेऊन सोडायचे काम पोशाकडे आले. त्याने दहा जणांना नेले. कुणाची आई, कुणाचा भाऊ. लांबूनच होडी लावायची, उतरवायचे आणि मागे न बघता निघायचे.

लोक इलाबाबाकडे आले. म्हणाले, "मेलेल्याला तुझा देव उठवतो म्हणतोस. मग यांना तरी बरे कर."

तो म्हणाला, "माझ्या हाताने आजवर कुणी बरे झालेले नाही. मी प्रार्थना करतो. पण खोटे सांगणार नाही."

लोक थुंकून निघून गेले.

अकराव्या दिवशी पोशाच्या मुलीच्या कपाळावर फोड आला. चांगुणा तिचे नाव, नऊ वर्षांची. पोशाची बायको दारात आडवी पडली, पण पंच उभेच होते. पोशाने लेकीला उचलून होडीत ठेवले, तेव्हा इलाबाबा पाण्यात उतरून होडीत चढला.

"तू कुठे?" पोशा म्हणाला.

"तिच्याबरोबर. तू परत ये आणि पाणी घेऊन ये. तिथे एक मडके किती पुरणार?"

"चौथ्या दिवशी येतो. गळ्याची शपथ."

बेटावर पोचल्यावर चांगुणेने बापाचे धोतर धरले. इलाबाबाने हळूच तिची बोटे सोडवली. पोशा होडी वळवून आला.

पंच किनाऱ्यावर वाट बघत होते. त्यांनी बजावले, होडीबरोबर साथ परत येते; बेटाला लागलेली होडी यापुढे या किनाऱ्याला लागणार नाही. लागली तर जाळू. पोशाला घरी तान्हा मुलगा होता. चौथा दिवस आला. पोशाने मडकी भरली, होडीत ठेवली, आणि तसाच काठावर बसून राहिला. पाचवा दिवस गेला. बेटावरून धूर दिसायचा, म्हणजे कुणी तरी चूल पेटवत होते. अधूनमधून एक माणूस वाकून खणताना दिसायचा. आठव्या दिवशी त्या माणसाने उंचवट्यावर उभे राहून कापड हलवले. भर दुपारी, सगळ्या गावाला दिसले. तो बराच वेळ हलवत होता. कुणी जागचे हलले नाही. पोशाही नाही.

नवव्या दिवशी धूर दिसला नाही.

पंधराव्या दिवशी पोशाने कुणाला न विचारता होडी लोटली. बेटाजवळ येताच तो ओरडला, "इलाबाबा, मी आलो!" तीन वेळा ओरडला, असे सांगतात.

वर दहा ढिगारे होते, शिंपले आणि दगड रचून केलेले. अकरावा खड्डा अर्धाच खणलेला. त्यात चांगुणा होती, इलाबाबाची शाल तिच्यावर पांघरलेली. तो स्वतः खड्ड्याच्या कडेला पडला होता. उशाशी एक मडके, त्यावर दगडाचे झाकण. पोशाने झाकण काढले. तळाशी ओंजळभर पाणी शिल्लक होते. पोरीसाठी ठेवलेले. तिच्यानंतरही तो ते प्यायला नव्हता.

पोशाने उरलेला खड्डा खणला आणि दोघांना एकत्र पुरले. परत आला तेव्हा पंचांनी होडी जाळली.

तुम्हाला वाटेल, हे पाहून गाव बदलले असेल. नाही बदलले. साथ आपोआप सरली, पंच पंचच राहिले. पोशाने इलाबाबाचा देव मानला नाही आणि स्वतःचाही पुन्हा कधी पुजला नाही. आमचे वाडवडील ख्रिस्ती झाले ते फार पुढे, पोर्तुगीज आल्यावर; त्यात इलाबाबाचा काही वाटा नाही. त्याने पेरलेले काही उगवले, असे मला तरी सांगता येत नाही. पोशा मात्र दर वर्षी त्या दिवशी दुसऱ्याची होडी मागून बेटाकडे जायचा आणि हाक मारायचा. तो गेल्यावर त्याचा मुलगा जाऊ लागला.

आजही ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी एक होडी जाते. पोशाच्या वंशातल्या तांडेलांच्या घरातला एक जण, देवळाकडून आमच्यातला एक जण, आणि गोड्या पाण्याने भरलेले मडके. बेटाला होडी लावत नाहीत. तीन वेळा ओरडायचे, "इलाबाबा, मी आलो!" मग ओहोटी लागेपर्यंत वल्ही उचलून गप्प बसायचे. मी त्रेचाळीस वेळा गेलो आहे. मागे एका पाहुण्या बाईंनी मला विचारले, आजोबा, एवढी वर्षे उत्तराची वाट कशी बघता? मी म्हटले, बाई, उत्तराची वाट आम्ही बघतच नाही. आम्ही उशिरा आलो, एवढे कबूल करायला जातो.

मग पाणी खाडीत ओततो. ते लगेच खारट होते. रिकामे मडके घेऊन घरी येतो.