सोळा चौकोन आणि एक तळवा

"मग बुवा, मऊ रबराचा पॅड घेऊ का कडक रबराचा?"

प्रज्योतनं मोबाइल पुढं धरला. पडद्यावर दोन यंत्रं. काळी, चपटी, अंगावर सोळा-सोळा चौकोन. वरून बोटांनी टकटक करायचं, आतून ढोल म्हणा, ताशा म्हणा, हवं ते वाजतं.

गेनूबुवा गुरवांनी डोळे बारीक केले. शंकराच्या देवळात पन्नास वर्षं पखवाज वाजवून कान गेलेले. ओरडलं तरच ऐकू यायचं.

"चॉकलेटं हायत व्हय ही?"

देवळाच्या पायरीवर वाती वळत बसलेली भागाक्का खुसखुसली. तिला एरवीही हसायला कारण लागत नाही.

प्रज्योत बेंजो पार्टीचा ऑक्टोपॅडवाला. बुवांकडं शिकला चार महिने, पोस्टरवर 'गेनूबुवांचा शिष्य' म्हणून मिरवतोय नऊ वर्षं. शनिवारी तालुक्याच्या हॉलात त्याचं एकट्याचं वादन होतं. त्याआधी नवं यंत्र हवं होतं, आणि त्यावर बुवांचा हात.

"दोन्हींत फुल लेव्हलचं बटण आहे, बुवा! ते दाबलं की हळू मारा, जोरात मारा, आवाज सारखाच दणदणीत!"

"कशापायी?"

"एखादं बोट कच्चं असलं तर लोकांना कळत नाही!"

"आन् तुला?"

…

प्रज्योतनं गळ्यातला हेडफोन उगाच सारखा केला. हसू नका. फोटो काढताना आपणही पोट आत घेतोच.

बुवांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. तळव्याला घट्टे पडलेले, बैलाच्या खांद्यासारखे.

"ह्याच्यावर वाजव."

प्रज्योत हसला. बाह्या वर सारल्या. तर्जनी, मधलं, अनामिका. तर्जनी, मधलं, अनामिका. झरझर, झरझर.

बुवांनी डोळे मिटले.

"दोन आली. तिसरं कुठाय?"

"मारलं की, बुवा!"

"मारलं आसशील. पोचलं न्हाई."

त्यानं दात आवळून जोर लावला.

"हे मनगट. म्या बोट मागितलं."

पुन्हा. पुन्हा. कपाळावर घाम आला, तिसरं काही पोचेना.

"आरं, गेल्या साली त्याच हॉलात शाल घातली न्हवं तुला?" भागाक्कानं विचारलं. भोळेपणानं विचारलं की कसं, ते तिचं तिलाच ठाऊक.

प्रज्योतची बोटं तळव्यावरच थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बुवा… तेव्हाही बटण चालूच होतं."

"आं?"

"बटण चालू होतं."

"मोठ्यानं बोल, बाबा."

"शाल मिळाली तेव्हाही बटण चालूच होतं!"

गाभाऱ्यात घुमलं. चालूच होतं… चालूच होतं… नंदीसुद्धा ऐकत असल्यासारखा दिसला. भागाक्काची वात अर्धीच राहिली. या खेपेला ती हसली नाही.

प्रज्योतची मान खाली गेली ती वर येईना. हात उचलून घ्यायचं भान राहिलं नाही.

…

"हां," बुवा म्हणाले. "आलं."

"काय आलं?"

"तिसरं."

"मी वाजवलंच नाही, बुवा." तो मोठ्यानंच म्हणाला. "नुसतं थरथरलं ते."

बुवांनी तळवा आणखी थोडा पुढं सरकवला.

"तेच वाजव."